थंडीचा आकडा एकच खरा, असं म्हणणाऱ्यांसाठी

थंडीचा कडाका वाढला की खान्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच. तापमान सरकारी केंद्राचंच खरं, घरी थर्मामीटर टांगणाऱ्यांचे आकडे खोटे. एकाच तालुक्यात चार-पाच अंशांचा फरक पडूच शकत नाही. मोबाइलवर तापमान दिसत असताना सकाळी उठून तापमानाची वही भरायची गरज काय? हे हौशी लोक ‘थंडीची लाट आली’ म्हणत घबराट पसरवतात. आणि शेवटी, या नोंदींचा कुणालाही काडीचा उपयोग नाही. खाली ‘जनहितार्थ’ असतंच.

हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोकही आहेत, म्हणून उत्तर मुद्द्याला धरून देतो.

सरकारी आकडाच खरा, ठीक. पण कोणता सरकारी? धुळ्याचं म्हणून जे किमान तापमान बातम्यांत येतं, ते बहुतेक वेळा धुळे कृषी महाविद्यालयातल्या नोंदीचं असतं. हे महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. जळगावची बातमी कधी हवामान विभागाच्या आकड्यावर बेतलेली असते, कधी जळगावशेजारच्या ममुराबादच्या केंद्राच्या. शिवाय राज्य सरकारच्या महावेध या हवामान-नोंदीच्या प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं उभी आहेत. म्हणजे एका सकाळी एकाच जिल्ह्याचे अनेक अधिकृत आकडे असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. त्यात कुणी खोटं बोलत नसतं. प्रत्येक यंत्र आपापल्या जागेची हवा सांगतं, बस.

आकड्यावर विश्वास ठेवायचा तो शिक्का बघून नव्हे, मांडणी बघून. वेधशाळेच्या आवारात पायांवर उभी, झडपांची पांढरी लाकडी पेटी पाहिली असेल. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश इंजिनिअरने ती एकोणिसाव्या शतकात आखली. हवा आरपार खेळावी, पण ऊन, पाऊस, जमिनीची धग आणि उघडं आकाश यांतलं काहीही थर्मामीटरला थेट भिडू नये, एवढंच तिचं काम. थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पेटीचं दार उत्तरेला म्हणजे उघडल्यावर आत ऊन पडत नाही, खाली गवत किंवा मोकळी माती, जवळपास भिंत नाही. यातलं काहीही सरकारी गुपित नाही. गावातला सुतार अशी पेटी करून देतो. ती शेतात नीट उभी करून रोज ठरल्या वेळी आकडा लिहिणाऱ्याला ‘हौशी’ म्हणून निकालात काढणं सोपं आहे. त्याचा आकडा का चुकीचा ते सांगणं अवघड.

आता मजकुराच्या पदरात जेवढं टाकायला हवं तेवढं टाकतो. गच्चीच्या कठड्याला अडकवलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब सोडत राहतो, त्यामुळे आकडा चढा येतो. उलट उघड्या आकाशाखाली किंवा पत्र्यावर टेकवलेला थर्मामीटर स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षाही गार होतो, तिथे आकडा पडतो. गाडीच्या डॅशबोर्डचे फोटो तर कृपा करून कुणी टाकूच नयेत.

वेळेतही मेख आहे. रात्रीतलं सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या आसपास येतं, आणि जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. साधा थर्मामीटर पहाटे पाचला बघून ‘आजचं किमान’ लिहिणाऱ्याने खरी थंडी गाठलेलीच नसते. म्हणून किमान तापमानाचा वेगळा थर्मामीटर लागतो, जो रात्रीतला नीचांक धरून ठेवतो. हवामान विभाग तो सकाळी साडेआठला वाचतो. तोही वाचून लगेच, हवा गारच असताना परत लावला, म्हणजे त्याची खूण त्या वेळच्या तापमानावर आणून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी गंमत होते: रात्र उबदार गेली तरी यंत्र कालच्या सकाळचाच गारठा दाखवतं. चांगले नोंदकर्ते यावर उपाय करतात. साडेआठला आकडा वाचतात आणि यंत्र पुन्हा लावतात दुपारी. टीका करायचीच असेल तर अशा बारकाव्यांवर करावी, ती ऐकण्यासारखी असेल.

‘एका तालुक्यात चार-पाच अंशांचा फरक अशक्य.’ मजकुरातलं सगळ्यांत ठासून लिहिलेलं वाक्य हेच, आणि सगळ्यांत चुकीचंही हेच.

खान्देशचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, मधून पश्चिमेकडे निघालेली तापी आणि तिला येऊन मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, गोमाई. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, हवा कोरडी, रात्री वारा पडलेला. अशा रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. अडवायला ढग नसतात, बाष्पही कमी. जमिनीला चिकटलेली हवा आधी गार होते. गार हवा जड, म्हणून ती उतारावरून पाण्यासारखी ओघळत नदीकाठच्या आणि नाल्याकडच्या खोलगट जागेत साठते. त्याच वेळी वरच्या टेकाडावर हवा दोन-तीन अंशांनी उबदार असू शकते. रात्रीच्या विजेवर पाणी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वरच्या बांधावरून नाल्याकडच्या वावरात उतरलं की गारव्याचा थर आधी पायांना कळतो, आणि खालून हाक येते, “आठे भलतं हिव शे, भो!”

हा झाला एकाच शिवारातला फरक. त्यात वस्तीचा फरक मिळवा. जळगाव-भुसावळसारख्या शहरांत डांबर, सिमेंट आणि दाटीची घरं रात्री ऊब धरून ठेवतात. चार-पाच मैलांवरच्या केळीच्या मळ्याला तसली गोधडी नसते. मग उंची मिळवा. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे, आणि त्याच नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याचा सखल तापीकाठ आहे. या दोघांना एक आकडा कसा पुरेल?

दवबिंदू गोठल्याच्या फोटोंवरही दरवर्षी वाद होतो. सातपुड्यात डाब, तोरणमाळकडून गवतावरच्या पांढऱ्या थराचे फोटो येतात आणि लगेच कुणीतरी लिहितं, ‘जिल्ह्याचं तापमान शून्याच्या किती वर आहे, बर्फ कसा होईल?’ होतो. पेटीतला थर्मामीटर सव्वा मीटर उंचीवरची हवा मोजतो. शांत, निरभ्र रात्री गवताचं पातं त्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी गार होतं. पेटीत ३-४ अंश असताना पात्यावर शून्याखाली जाणं यात नवल काही नाही. काही वेधशाळा तर गवतालगतचं किमान तापमान वेगळं मोजतात, ते याच कारणाने. फोटो खरा आणि केंद्राचा आकडाही खरा, हे दोन्ही एकदम असू शकतं.

आणि एक गोष्ट, जी आकडे रचणाऱ्याला सहसा सुचणार नाही. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, हिमालयावरून सरकला की मागून उत्तरेचे गार, कोरडे वारे येतात. रात्रभर वारा वाहता राहिला तर हवा ढवळली जाते, खोलगट जागेत गारवा साचत नाही आणि शेजारच्या गावांचे आकडे एकमेकांजवळ येतात. वारा पडला की पुन्हा फाकतात. कुणाच्या वहीत हा खेळ दिसत असेल तर ती वही खरी असण्याची शक्यता मोठी. रोज केंद्रापेक्षा बरोबर चार अंश कमी लिहिणाऱ्यावर मात्र मीही विश्वास ठेवणार नाही.

मोबाइलचं थोडक्यात. तुमच्या फोनमध्ये बाहेरच्या हवेचं तापमान मोजणारं काही नसतं. ॲप दाखवतं तो अंदाज असतो, काही किलोमीटरच्या चौकोनासाठी गणिताने काढलेला. नाला आणि टेकाड दोन्ही त्याच चौकोनात. त्यातच ‘जाणवणारं तापमान’ हा वेगळा आकडा असतो, आणि लोक नेमका त्याचाच स्क्रीनशॉट टाकतात. हवा १० अंश आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला साधारण ७ अंशांसारखं वाटतं. थर्मामीटरला वारा लागला तरी तो १० अंशच दाखवतो. दोन ॲप शेजारी उघडून बघा, बहुधा त्यांचंच आपसात पटणार नाही.

घबराटीचा आरोप चुकीच्या दारात टाकलाय. ‘थंडीची लाट’ हा शब्द सढळ हाताने वापरतात ते मथळे लिहिणारे. वही ठेवणाऱ्याला निकष माहीत असतात. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी उतरलेलं हवं, तेव्हा हवामान विभाग ती लाट मानतो. घट ६.४ अंशांच्या पुढे गेली तर तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर किंवा खाली गेला तर सरासरी न बघताही लाट, २ वर किंवा खाली गेला तर तीव्र. शिवाय हवामान विभागाच्या उपविभागात किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसं असावं लागतं. समजा एखाद्या जागेची सरासरी १२ आहे, तर तिथे ८ अंशांची बोचरी सकाळही निकषात बसत नाही, ७.५ ला बसते. हे गणित ज्याला रोज करावं लागतं तो घबराट कशी पसरवेल? तोच तर मथळा वाचून वैतागलेला असतो.

राहिला उपयोग. रावेर, यावल, चोपड्याकडच्या केळीवाल्याला विचारा. थंडी लांबली की केळीची वाढ थांबते, घड निसवताना, म्हणजे खोडातून बाहेर पडताना, अडकतो, फळाला चरका बसतो आणि पिकल्यावर रंग मळकट येतो. त्याच्या हाती उपाय मोजके: रात्री हलकं पाणी, घडांवर चढवायच्या पिशव्या म्हणजे स्कर्टिंग बॅग, बांधावर शेकोट्या, वारा अडवायला त्या बाजूने शेवरीची झाडं. पाणी आणि वीज दोन्ही तुटपुंजी, सगळ्या बागेला एका रात्री पुरत नाहीत. कोणत्या तुकड्याला आधी? इथे वही कामाला येते. दोन-तीन हिवाळे नीट लिहिले की शांत रात्री आपला खालचा तुकडा जवळच्या केंद्रापेक्षा किती उतरतो ते कळतं. मग केंद्राचा उद्याचा अंदाज आला की त्यातून तेवढे अंश वजा करायचे. केंद्राशिवाय ही वजाबाकी होत नाही आणि वहीशिवायही नाही, त्यामुळे ‘सरकारी विरुद्ध हौशी’ हे भांडणच मुळात लावून दिलेलं आहे.

वहीवर पीकविम्याची भरपाई मिळत नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. विमा ठरवून दिलेल्या संदर्भ केंद्राच्या आकड्यावर चालतो. पण म्हणून नोंद निरुपयोगी ठरत नाही. अमेरिकेत १८९० पासून स्वयंसेवकांच्या रोजच्या नोंदी सरकारी हवामान यंत्रणेचाच भाग आहेत. आपल्या हवामान विभागानेही लोकांनी आपल्या जागेची परिस्थिती कळवावी म्हणून संकेतस्थळावर सोय ठेवली आहे. ज्यांचे आकडे मुळातच खोटे, त्यांच्याकडे कुणी ते मागत नाही.

एवढं वाचूनही ज्याला शेजाऱ्याच्या थर्मामीटरवर शंका असेल, त्याच्यासाठी घरी होणारी परीक्षा आहे. उभट भांड्यात बर्फ बारीक फोडून भरायचा, फटी भरतील इतकंच गार पाणी घालायचं, ढवळायचं आणि थर्मामीटरचा फुगा किंवा डिजिटल यंत्राची वायर मधोमध बुडवून दहा मिनिटं थांबायचं. ० दिसायला हवं. अर्धा अंश इकडेतिकडे चालतो. दोन अंशांची चूक निघाली तर शेजाऱ्याला सांगा, तो वहीच्या पहिल्या पानावर ती लिहून ठेवेल आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करेल. चूक निघाली नाही तर तेही ग्रुपवर टाका, ‘जनहितार्थ’ लिहून.