सेगोव्हियाला बसनेच जा (बाबांची माफी मागून)

दर महिन्याला कुणाचा तरी मेसेज येतो, माद्रिदला येतोय, एक दिवस जवळचं सेगोव्हिया शहर करायचंय, ट्रेन की बस? मी बस म्हणतो. लगेच पुढचा मेसेज, अरे पण ट्रेन अर्ध्या तासाच्या आत पोचते ना आणि बसला सव्वा तास लागतो. बरोबर आहे. पण पोचते कुठे ते कुणी विचारत नाही.

मीही आधी ट्रेनचाच भक्त होतो, घरातच रेल्वे आहे. बाबा भुसावळला रेल्वेत होते, रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी गाडी लेट झाली की स्वतःच्या चुकीसारखा चेहरा करतात. मार्चमध्ये ते आणि आई इकडे आले तेव्हा ट्रेन सोडून बसने जायचं म्हणजे घोर पाप. तिकिटं काढली, माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनवरून. आम्ही राहतो माद्रिदमध्येच, आर्ग्वेयेस भागात, तिथून मेट्रोने स्टेशन गाठून वर चढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, मग इथे फास्ट गाड्यांना बॅगा स्कॅन करून आत सोडतात आणि सुटायच्या दोन मिनिटं आधी गेट बंद, म्हणून वीस मिनिटं आधी जाऊन बसलो. बाबांना हे फार आवडलं. "आपल्याकडे धावत्या गाडीत चढणारी माणसं बघ," वगैरे.

गाडी सुटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न गेज किती, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. स्पेनची जुनी लाईन १६६८ मिलिमीटर, आपली १६७६, म्हणजे फक्त आठ मिलिमीटरचा फरक, हे ऐकून ते इतके खूश झाले की जणू सोयरीक जुळली. पण ही फास्ट लाईन १४३५ ची, म्हणजे आपल्या मुंबई मेट्रोची, हे सांगितल्यावर थोडा हिरमोड. मग मोबाईलवर स्पीडचं ॲप उघडलं, आकडा २४० पर्यंत गेला, आई म्हणाली बाहेर बघा आता डोंगर येतील, आणि बोगदा आला. ग्वादारामाचा बोगदा, २८ किलोमीटर. त्याच्या आधी आणखी एक नऊ किलोमीटरचा. म्हणजे जवळपास निम्मी वाट अंधारात, ॲपमधला आकडा अडकलेला, आणि आई खिडकीच्या काचेत स्वतःचे केस नीट करतेय.

उतरलो ते गिओमार स्टेशनवर. नाव एका कवीच्या प्रेयसीचं, आणि आजूबाजूला शेत, पार्किंग आणि वारा. बस्स. फास्ट लाईन पुढे वायादोलिदकडे जाते, तिला सरळ रेषा पाहिजे, सेगोव्हिया बसलंय खडकावर, त्यासाठी कोण वळणं घेणार, म्हणून स्टेशन शहराबाहेर. कोकण रेल्वेवाल्यांना हे समजवायची गरज नाही, रत्नागिरी स्टेशनला उतरून गावात जायला रिक्षा बघावी लागते आणि एसटी स्टँड मात्र भर गावात, अगदी तसंच. इथे ११ नंबरची सिटी बस ट्रेनच्या वेळा बघून उभी असते, तिने वीसेक मिनिटांत शहरातल्या रोमन काळातल्या जलवाहिनीपाशी सोडलं, लोक येतात ते तीच बघायला. मी घड्याळ बघितलं, घरातून निघून दोन तास होऊन गेले होते. अर्ध्या तासाच्या ट्रेनसाठी!

(स्टेशनवरून एक गोष्ट मात्र झकास दिसते, समोरची डोंगररांग, तिला मुहेर मुएर्ता म्हणतात, म्हणजे मेलेली बाई, आडवी झोपलेल्या बाईसारखा आकार. वर बर्फ होतं. आई म्हणाली मेलेली कशाला, दमून पडली असेल.)

येताना मी परस्पर ठरवलं, बस. सेगोव्हियाचं बस स्टँड जलवाहिनीपासून दहा मिनिटं चालत, आणि माद्रिदला ती मोनक्लोआला आणून सोडते, आमच्या घरापासून मेट्रोचं एक स्टेशन. तिकीटही ट्रेनपेक्षा बरंच स्वस्त. वर रस्ता डोंगरातून, सान राफाएलच्या बाजूला पाईनची झाडं, मधे एक तीनेक किलोमीटरचा बोगदा, तेवढाच अंधार, आणि मग लांब डोंगरावर तो प्रचंड क्रॉस दिसतो, १५० मीटरचा, हुकूमशहा फ्रँकोच्या काळातला. बाबांनी विचारलं हा कुणी बांधला, मी सांगायला लागलो की राजकीय कैद्यांना कामाला लावलं होतं, तर त्यानंतर पाच मिनिटं ते काही बोललेच नाहीत. ट्रेनमधून हा विषयच निघाला नसता.

आता लगेच कमेंटमध्ये येतील, म्हणजे स्पेनमध्ये बसच चांगली का? अजिबात नाही. बार्सिलोनाला ६०० किलोमीटर ट्रेन अडीच तासात नेते, तिथे बसने जायला माणूस एकतर विद्यार्थी पाहिजे नाहीतर रुसलेला. तोलेदोला पण मी ट्रेनच सांगेन, अर्धा तास, आणि स्टेशन १९१९ चं, रंगीत काचा, लाकडी नक्षीकामाच्या तिकीट खिडक्या, उतरल्यावर लोक शहर विसरून स्टेशनचेच फोटो काढत बसतात. तिथून जुनं शहर चालत गाठता येतं, चढ आहे पण येतं. सेगोव्हियाचं तसं नाही एवढंच.

आणि तुमचं हॉटेल चामार्तिनजवळ असेल तर माझं सगळं गणित उलटं होईल, हे मान्य. रविवारी संध्याकाळी बसने परतू नका, सगळं माद्रिद त्याच हायवेने घरी येत असतं आणि तुम्ही त्यांच्या मागे. आणि बस घेताना दिरेक्तो, म्हणजे थेट जाणारी, बघून घ्या, नाहीतर गावागावात थांबणारी मिळते. वेळ असेल तर तीही वाईट नाही म्हणा, चढणाऱ्या आज्ज्या ड्रायव्हरशी अर्धं गाव बोलून घेतात, आपल्या लाल डब्यासारखं.

बाबा आता भुसावळला परत गेलेत. परवा व्हिडिओ कॉलवर होते, शेजारी त्यांचे जुने रेल्वेवाले दोस्त चहा घेत बसलेले, आणि बाबा हात पसरून सांगत होते, अठ्ठावीस किलोमीटरचा बोगदा, काय सांगू तुम्हाला, गाडी नुसती पाण्यासारखी. बसने परत आलो हे मी मधे बोललो तर म्हणाले, आवाज येत नाहीये रे तुझा.