मंगळावरच्या पिनबॉलमधले ‘होलोग्राम’: एक खुलासा

इंदूरच्या आम्हां मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या ‘रिव्हेंज फ्रॉम मार्स’ या १९९९ च्या पिनबॉल यंत्राची (उतरत्या पटलावर चेंडू टोलवून लक्ष्ये टिपण्याच्या खेळाची) चित्रफीत फिरते आहे. त्यातले मंगळवासी होलोग्राम, म्हणजे प्रकाशाने उभी केलेली त्रिमितीय चित्रे, असून चेंडू त्यांना लागला की नाही हे केवळ संगणक ठरवतो, असे सोबत लिहिलेले आहे. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

यंत्राच्या डोक्यात, म्हणजे पटलामागच्या उभ्या खोक्यात, खालच्या बाजूला तोंड करून एक साधा मॉनिटर बसवलेला असतो आणि त्याचे चित्र खेळपटलावरील काचेच्या परावर्तक भागात उमटते. खेळाडूला मात्र ते पटलावर उभे असल्यासारखे दिसते. रात्री सराफ्यात, आमच्या इंदूरच्या खाऊबाजारात, मिठाईच्या काचेत आपलाच चेहरा जिलब्यांवर तरंगताना दिसतो, तसलाच हा प्रकार. चेंडू खरा पोलादी, सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा. तो चित्रामागच्या खऱ्या लक्ष्यांवर आदळतो, तिथला स्विच दाबला जातो आणि मगच संगणक मंगळवासीयाचा स्फोट दाखवतो. नेम खेळाडूचाच, आणि चुकलाच तर तोही त्याचाच!

हे यंत्र १९९५ च्या ‘अटॅक फ्रॉम मार्स’चा पुढचा भाग होते, त्या आधीच्या यंत्रात मात्र अशी चित्रे नव्हती.