मोठीमायच्या घरकुलाला घरपट्टी अन् मुंबईच्या फ्लॅटला माफी

काल दुपारपासून डोकं तापलेलं आहे, रात्री झोप नाही लागली, म्हणून लिहून टाकतो. मोठीमायला, म्हणजे माझ्या मोठ्या काकाच्या बायकोला, हयातीचा दाखला पाहिजे होता. वय 68. काका जाऊन नऊ वर्षं झाली, दोन एकर कोरडवाहू आहे ते मक्त्यानं दिलेलं, अन् श्रावणबाळ ह्या सरकारी पेन्शन योजनेचे महिन्याचे 1500 रुपये येतात त्याच्यावर तिचं चहा-मीठ चालते. तेवढ्यासाठी दरवर्षी आपण जिवंत आहोत हे कागदावर द्यावं लागते. ठीक आहे, देऊ. मी तिला गाडीवर मागं बसवून भर उन्हात, 44 डिग्रीमध्ये, ग्रामपंचायतीत घेऊन गेलो तर ऑपरेटर खुर्चीतून न उठता म्हणते, "आजी, अगोदर टॅक्स भरा, मंग दाखला. तुमच्या नावावर बाकी दिसून राहिली."

अरे बाई समोर उभी आहे! डोक्यावर पदर घेऊन, घाम पुसत उभी आहे, जिवंत आहे हे तुला दिसत नाही काय? माणूस जिवंत असण्याचा अन् घरपट्टीचा काय संबंध आहे? त्याला विचारलं तर म्हणे "वरून तसंच सांगून आहे भाऊ, मी काय करू." वरून म्हणजे कोणाकडून, ते काही सांगेना.

बिल पाहिलं. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी मिळून सतराशेच्या वर. तिच्या महिन्याच्या पेन्शनीपेक्षा जास्त. ह्या बाईनं आजपर्यंत एक साल टॅक्स बुडवला नाही, पदराच्या गाठीत पैसे बांधून स्वतः जाऊन भरायची, मागच्या साली पहिल्यांदा राहिला कारण आकडा पाहूनच ती घाबरली. आधी कुडाचं घर होतं तेव्हा घरपट्टी नव्वद रुपये यायची. नव्वद! आता 460. अन् पाणीपट्टी वेगळी, नळ चौथ्या दिवशी येते, मे महिन्यात तर आठव्या दिवशी, तरी पट्टी पूर्ण बारा महिन्याची.

मी ऑपरेटरला म्हटलं नमुना 8 काढ, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंद. काढला. त्यात लिहिलेलं, बांधकामाचा प्रकार आरसीसी. बरोबर आहे, घरकुल मिळालं ना तिला, प्रधानमंत्री आवासमधून, 1 लाख 20 हजारात, हप्त्याहप्त्यानं, त्यातही रेती कुठून आणायची म्हणून चार महिने काम बंद होतं अन् वरचे पैसे मी अन् तिच्या जावयानं टाकले तेव्हा स्लॅब पडला. 269 चौरस फूट. एक खोली, एक स्वयंपाकाची जागा, मोरी. सरकारनंच सांगितलं कुडाचं पाडा, पक्कं बांधा. पक्कं बांधलं तर तेच सरकार म्हणते आता तू पक्क्या घराची मालकीण झाली, आता टॅक्स पाचपट भर. अरे भिंत बदलली, बाईची कमाई काहून बदलेन? कुडाच्या घरात होती तेव्हाही 1500 होते अन् स्लॅबखाली आली तेव्हाही 1500च आहेत!

अन् हे काही ऑपरेटरनं स्वतःच्या मनानं केलेलं नाही हेच जास्त लागलं मला. मी तीन वर्षं एमपीएससीचा अभ्यास केलेला आहे, हे सगळं वाचलेलं आहे. 2015च्या शेवटी नियम बदलला, तेव्हापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर लागते. म्हणजे जागेचा रेडीरेकनरचा, सरकारनं ठरवलेला दर गुणिले जागा, अधिक बांधकामाचा दर गुणिले बांधकाम, त्यातून घसारा वजा, मग घर राहण्यासाठी आहे की दुकान की कारखाना त्याचा भारांक, अन् मग हजारामागं इतके पैसे, कुडामातीला कमी आरसीसीला जास्त. सगळं मोजलं, फूट मोजले, विटा मोजल्या, घराचं वय मोजलं. घरात कोण राहते, तो खाते काय, कमावते काय, ह्याचा रकानाच नाही. पूर्ण सूत्रात माणूसच नाही बापा!

घसाऱ्याचं तर पाहाच. घर जितकं जुनं तितका टॅक्स कमी. ऐकायला बरोबर वाटते. पण आमच्या गावात जुनी घरं कोणाची आहेत? मोठीमायच्या समोरच आडत्याचा वाडा आहे, सागाचे खांब, आत चौक, मागं गोदाम, दोन ट्रॅक्टर, एक बोलेरो. तूर-सोयाबीनच्या सीझनमध्ये त्याच्या दारासमोर रात्रीबेरात्री गाड्या लागून राहतात. वाडा त्याच्या आज्याच्या वेळचा म्हणून घसारा पूर्ण, बांधकाम माती-विटाचं म्हणून दर खालचा, अन् गोदाम कागदावर गोठा आहे. गोठा! त्यात एक वासरू नाही, पोत्यांची थप्पी आहे छतापर्यंत. जागा मोठी असूनही त्याची घरपट्टी मोठीमायपेक्षा शंभर-सव्वाशेनं कमी. मी स्वतः पावती पाहिली आहे, त्याचा पोरगा माझ्यासोबतचा आहे. म्हणजे नवं घरकुल बांधणारी विधवा गावात श्रीमंत अन् आडत्या गरीब, असं आमचं नमुना 8 सांगते.

ह्याच्यापुढचं ऐका. मुंबईत 500 चौरस फुटापर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे. 2022 च्या जानेवारीपासून. पाचशे फुटाचा फ्लॅट मुंबईत कितीला जाते ते सगळ्याला माहीत आहे, आमच्या अख्ख्या गल्लीची घरं विकली तरी एक येणार नाही. त्याला माफी, अन् यवतमाळ जिल्ह्यातल्या 269 फुटाच्या घरकुलाला 460 रुपये. मला मुंबईतल्या माणसाबद्दल काही नाही, चाळीतून कसाबसा फ्लॅटमध्ये गेलेला तोही नोकरदार माणूस आहे, त्याला मिळालं तर मिळू दे, पण एकाच राज्यात एकाच्या छताला माफी अन् एकाच्या छताला वसुली हे कोणत्या न्यायानं? माजी सैनिकाच्या घराला घरपट्टी माफ केली, बरोबरच केलं, म्हणजे माफी देता येते ना! मनात आलं तर देता येते. निराधार बाईच्या घरकुलासाठी तेवढं मनात येत नाही.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय निघाला होता. मी नव्हतो, पुसदला होतो कामानं, पण भावानं सगळं सांगितलं. एक रिटायर झालेले मास्तर उठले अन् म्हणे घराची भानगडच नको, माणशी टॅक्स लावा, प्रत्येक डोक्यामागं दोनशे रुपये, पाणी माणूस पिते, रस्त्यानं माणूस चालते, घर काही चालत नाही. अन् लोकांनी माना हलवल्या! लोकांना सोपं वाटते ना, सगळ्याला सारखं म्हणजे न्याय.

हिशोब करा राजे हो. मास्तरांच्या बंगल्यात दोघं, नवराबायको, पोरं पुण्याला. चारशे रुपये झाले त्यांचे. खालच्या आळीतल्या मजुराच्या घरात म्हातारा, म्हातारी, नवराबायको, चार लेकरं. सोळाशे. त्यातल्या चार डोक्यांना अजून स्वतःच्या हातानं नाक पुसता येत नाही पण टॅक्स दोनशे. म्हातारी खाटेवरून उठत नाही, तिचे दोनशे. अन् निंदणाच्या दिवसात बाईला रोजी काय मिळते, किती दिवस मिळते, ते मास्तरांना माहीत नाही काय? त्यांच्याच वावरात जाते ती. अन् जे पुण्या-मुंबईले जाऊन बसले, पोळ्याले अन् दिवाळीले येतात, गावात कुलूप लावून दोन मजली घर ठेवतात, त्यांचे शून्य, कारण डोकं गावात नाही. पण त्यांच्या दारातला लाईट गावाच्या पैशानं जळते अन् त्यांच्या समोरची नाली गावाच्याच माणसाला काढावी लागते.

हा माणशी टॅक्सचा प्रयोग काही नवा नाही. इंग्लंडात झालेला आहे. तिथल्या पंतप्रधान थॅचरबाईच्या सरकारनं 1989 ला स्कॉटलंडमध्ये अन् 1990 ला इंग्लंड-वेल्समध्ये घरावरची पट्टी काढून डोक्यावर लावली, कम्युनिटी चार्ज नाव होतं, लोक त्याला पोल टॅक्सच म्हणायचे. एका भागातला लॉर्ड अन् त्याच्याकडचा झाडूवाला, दोघांना आकडा एकच, अगदीच गरीब असला तर सूट, पण पूर्ण सूट नाही, थोडं तरी भरायचंच. लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले, 31 मार्च 1990 ला ट्रफाल्गर चौकात दंगल झाली, कित्येकांनी भरलाच नाही, अन् त्याच साली नोव्हेंबरात बाईला खुर्ची सोडावी लागली. 1993 ला परत घरावर आले. तिथंही घोळ घातलाच, 1991 च्या किमतीवर घराचे गट पाडले अन् इंग्लंडात आजही तेच गट चालू आहेत. म्हणजे घराचं मोजमाप केलं की ते सडत पडते, डोकं मोजलं की गरीब मरते. आपल्या राज्यघटनेतही राज्यांच्या यादीत माणशी कराची नोंद आहे, 61 नंबरला, म्हणजे उद्या कोणाच्या डोक्यात आलं तर हे होऊ शकते, म्हणून माना हलवणाऱ्यांचा मला राग येऊन राहिला.

मग कमाईवर लावा म्हणणारेही आहेत. मी पण आधी तेच म्हणायचो. न्यायाचं तेच आहे, ज्याची मिळकत जास्त त्यानं जास्त द्यावं, ह्यात वाद नाही. पण आपल्याकडं कमाईच्या नावानं जो एक कर गावातल्या नोकरदाराच्या पगारातून कटते तो पाहा, व्यवसाय कर. घटनेच्या 276 कलमात त्याला वर्षाला 2500 ची मर्यादा घालून ठेवलेली, 1988 ला ठरवली, तेव्हापासून तिथंच. त्यामुळं महिन्याला बारा हजार कमावणारा पोरगा वर्षाचे 2500 भरते अन् लाखाच्या वर पगार घेणारा साहेबही 2500. नाव कमाईचं अन् काम माणशी कराचं! अन् तो पैसा जाते राज्याच्या तिजोरीत. रोजगार हमीसाठी म्हणून 1975 ला सुरू केला होता, हेतू चांगला होता, पण ज्या गावात तो माणूस राहते, ज्या नळाचं पाणी पिते, त्या ग्रामपंचायतीच्या खात्यात त्यातून काही येत नाही.

अन् शेतकऱ्याची कमाई कशी मोजाल? कागदावर लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, 2025-26 चा. पण ओलावा जास्त म्हणून केंद्रावरून परत पाठवलेला कापूस दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला कितीनं गेला ते कोण लिहिते? बोंडअळीनं किती खाल्लं, परतीच्या पावसात किती भिजला, बियाणं-खत-फवारणीची उधारी फेडून हातात काय उरलं? एका साली वीस हजार उरतात, एका साली अंगावर निघतात. हे तलाठ्याला मोजता येणार नाही, मी मान्य करतो. म्हणून घरपट्टी पूर्ण काढून टाका असं मी म्हणत नाही. घर लपवता येत नाही, कमाई लपवता येते, एवढा तिचा फायदा आहेच. पण मग जे दिसते ते तरी पूर्ण पाहा! दारात ट्रॅक्टर, बोलेरो दिसते, गोदाम दिसते. श्रावणबाळची यादी तहसीलमध्ये आहे, घरकुलाची यादी तर ग्रामपंचायतीच्याच कपाटात आहे. दोन याद्या जोडून पाहायला किती वेळ लागते? अर्धा दिवस. आरसीसीचा दर किमान अन् कमालच्या मधात ग्रामपंचायतीलाच ठरवायचा असते, तो ह्यांनी वरचा धरला. कोणी सांगितलं होतं वरचा धरायला?

अन् वसुली कोणाकडून करतात तेही पाहा. ज्याला दाखला लागते त्याच्याकडून. निराधार, विधवा, शिष्यवृत्तीवाली लेकरं, पीककर्जवाले. ज्याला ग्रामपंचायतीच्या कागदाचं काही कामच पडत नाही त्याची पाच-पाच सहा-सहा सालाची बाकी तशीच राहते. निवडणूक लागली की एका दिवसात सगळे इच्छुक रांगेत येऊन भरतात, कारण थकबाकी असली तर सदस्य होता येत नाही. मग मधात अर्धी थकबाकी माफ करायची योजना आली. ज्यांनी सालोसाल भरलं नाही त्यांना अर्धं माफ, अन् मोठीमायनं इतकी वर्षं न चुकता भरले त्याचं काय? कोणी तिला एक रुपया परत देणार आहे काय? ती घरी येऊन मला म्हणते, "बाबू, आपनच येडे हो, नसते भरले तं बरं झालं असतं." 68 वर्षांच्या इमानदार बाईच्या तोंडून हे वाक्य काढलं ह्या लोकांनी, मला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. घास नाही गेला रात्री.

टॅक्स मी भरला. माझ्या खिशातून. नमुना 10 ची पावती घेतली, दाखला घेतला, दाखल्यावर सही करायला पण पाऊण तास बसवून ठेवलं.

आज सकाळी परत गेलो. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्या म्हणून लेखी अर्ज दिला. गावातल्या प्रत्येक घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, आकारणी अन् थकबाकी माईकवर वाचून दाखवा, वाड्यापासून घरकुलापर्यंत, एकही सोडू नका. गोठ्यात जनावर आहे की पोते ते पंचनामा करून लिहा. निराधार अन् श्रावणबाळवाल्यांच्या घरकुलाला किमान दर लावायचा ठराव घ्या. अन् बाकीसाठी हयातीचा दाखला अडवायचा नाही हे पण ठरावात लिहा. ऑपरेटर म्हणे साहेब आल्यावर देतो पोच. मी म्हटलं बसतो मी, येऊ दे साहेब. सव्वादोनला आले. सही-शिक्क्याची पोच घेऊनच उठलो.