अल्बट्रॉससाठी रडता, मग खवल्या मांजराने काय घोडं मारलंय?

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचा व्हिडिओ आला. बोटीमागच्या लांबलचक दोरीवरचं आमिष गिळायला गेला, गळ अडकला आणि दोरीबरोबर पाण्याखाली गेला. ग्रुपभर रडके इमोजी. माझ्याही पोटात तुटलं. तासाभराने कोणीतरी खवल्या मांजराची, म्हणजे पँगोलिनची, खवलं पकडल्याची बातमी टाकली, तर त्याच माणसांचं सुरू, 'ईई, काय ध्यान आहे!' एकाने तर विचारलं, 'खरंच पैसा येतो का हो याने?'

डोकंच फिरलं.

मी कुडाळकडचा. लहानपणी आजोबांच्या काजूच्या बागेत बॅटरीच्या उजेडात पाहिलंय ते. चाहूल लागताच अंगाची गुंडाळी करून पडलं. खवलांच्या फटींत तांबडी माती, श्वासागणिक अंग किंचित वर-खाली. एका पोराने काठी उचलली, तर आजोबा कडाडले, "हात लावशात तर बघा! वाळवी खाता ता."

अल्बट्रॉसची अवस्था वाईटच आहे, मान्य. ॲमस्टरडॅम अल्बट्रॉस तर हिंदी महासागरातल्या एकाच बेटावर वीण करतो, तीही दोन वर्षांतून एकदा, एकच अंडं. पण बोटवाल्याला तो पक्षी नकोच असतो, त्याला मासे हवेत. रात्री गळ टाकले, दोरीला वजन लावलं, वर फडफडत्या पट्ट्या सोडल्या की पुष्कळ पक्षी वाचतात.

खवल्यासाठी मात्र माणूस मुद्दाम जातो. बिबट्याला दाद न देणारी ती गुंडाळी माणूस नुसती उचलतो आणि पोत्यात टाकतो. आजोबांच्या बागेतलं ते जनावरही पळालं नव्हतं, तिथेच पडून होतं. हे सगळं कशासाठी, तर आपल्या नखांत असतं त्याच केराटिनच्या खवलांसाठी! २०१६ साली खवल्यांच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात ते वाघाच्याच अनुसूचीत आहे, तरी पोती भरतातच.

गावात कामधंदा नाही, हेही खरं. पण मोठा पैसा पकडणाऱ्याच्या हातात राहतच नाही.

रागाच्या भरात बरंच लिहिलं. ग्रुपमधली माणसं वाईट नाहीत. अल्बट्रॉसवाली बोट आपल्यापैकी कोणाच्या ओळखीची नसते, म्हणून रडणं सोपं जातं. खवल्या पकडणारा कोणाच्या तरी वाडीतलाच असतो, तिथे आपण गप्प बसतो. आजोबा नाही बसले.

गणपतीला गावी जाताय ना? कोणी हळूच 'गिऱ्हाईक आहे का' विचारलं, तर हसून सोडू नका. वनखात्याचा नंबर १९२६.