अवघड जागेचं दुखणं आणि सोनोग्राफीचा कागद

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात आमचं गाव, त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे. तिशीतल्या एका गड्याच्या वृषणाला पीळ बसला. रात्री सोनोग्राफी मिळाली नाही, सकाळी मिळाली. दुपारी ऑपरेशन झालं तोवर वृषण काळं पडलेलं, काढूनच टाकावं लागलं. लगेच निवेदन तयार झालं : तालुक्याला चोवीस तास सोनोग्राफी झालीच पाहिजे. मी इंग्लंडात एका सरकारी दवाखान्याच्या इमर्जन्सीत डॉक्टर आहे, म्हणून माझीही सही मागितली. मी दिली नाही. "तिकडं सगळं फुकट मिळतंय, तुला काय व्हतंय बोलायला," असं एका काकांनी सुनावलं.

काकांचा राग समजतो, पण वृषण मशीनवाचून गेलं हे मला पटत नाही. वृषण ज्या दोरीला लोंबतं, तिच्यातूनच त्याला रक्त मिळतं. दोरीला पीळ पडला की रक्त तुंबतं आणि मग पोचायचंच थांबतं. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर बहुतेक वृषणं वाचतात. बारा तासांनी निम्मी वाचली तरी नशीब, आणि दिवस उलटला की फारच थोडी. या हिशेबात सकाळच्या सोनोग्राफीची वाट बघणं म्हणजे निकाल आधीच लावून टाकणं.

पुस्तकात हा आजार पोरांचा, साधारण बारा ते अठरा वर्षांचा. तिथंच मोठ्या माणसाचा घात होतो. पस्तिशीचा गडी वृषण दुखतंय म्हणून आला की डॉक्टरच्या डोक्यात पहिलं इन्फेक्शन येतं. अँटिबायोटिक लिहून 'पाच दिवसांनी या' म्हणून घरी पाठवलं जातं. इन्फेक्शन असतंही पुष्कळदा. पण ते सहसा दिवस-दोन दिवस चढत जातं, लघवीला जळजळ होते, ताप येतो. पीळ बसला तर माणूस बहुधा वेळ सांगतो : साडेतीनला झोपेतून कळ आली, पाठोपाठ उलटी झाली.

तेही त्यानं नीट सांगितलं तर. मागं माझ्या मावसभावाचा फोन आला होता.

"दादा, पोटात लई कळ मारायलीय."

"कुठं?"

"खाली."

"किती खाली?"

बराच वेळ नुसता आवाज बंद. बाजूला वहिनी असणार. "बाहेर अंगणात जा आणि मग बोल," म्हटलं, तेव्हा कुठं खरी जागा कळली. तोवर गावातल्या डॉक्टरनं मूतखडा म्हणून इंजेक्शन दिलेलं. त्या डॉक्टरला तरी काय बोलणार? पँट उतरवायला ना पेशंट तयार, ना डॉक्टरनं सांगितलेलं. पोटाच्या खालच्या भागात दुखणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं वृषण बघायचंच, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ काम होईल, आणि त्याला वीजसुद्धा लागत नाही.

बघायचं काय? दुखणारं वृषण दुसऱ्यापेक्षा वर चढलंय का, आडवं झालंय का, हाताला कडक लागतंय का. मांडीच्या आतल्या बाजूला बोटानं हलकी रेघ ओढली की एरवी त्या बाजूचं वृषण वर उचललं जातं. पीळ असेल तर बहुधा ते हलत नाही. मोठ्या माणसात ही हालचाल मुळातच मंद असू शकते, त्यामुळे एवढ्यावरून निर्णय घ्यायचा नाही. या खुणांना गुण देऊन बेरीज करायची 'ट्विस्ट स्कोअर' नावाची पद्धतही आहे, पण ती मुलांवर बेतलेली, मोठ्यांत जपून वापरावी लागते. रक्त वाहतंय का ते दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी चांगलीच तपासणी आहे, शंका अर्धवट असेल तेव्हा तर हवीच. पण पीळ अर्धवट असेल तर तिच्यात रक्त वाहताना दिसू शकतं. म्हणून संशय दाट असला तर इथं इंग्लंडात सर्जन मशीनसाठी थांबत नाही, थेट ऑपरेशन थिएटरात नेतो.

इथं सगळं आलबेल आहे असं समजू नका. 2024 साली उपचारांतल्या उणिवा तपासणाऱ्या एनसीईपीओडी या इथल्या संस्थेनं दोन ते चोवीस वर्षांच्या रुग्णांची अशी प्रकरणं तपासून अहवाल काढला. उशीर घरातही होतो आणि दवाखान्यातही, हेच त्यातून दिसलं. गोरी पोरंही लाजतात. इमर्जन्सीत तासन् तास बसावं लागतं ते वेगळंच. उलट अंबाजोगाईत किंवा लातुरात ओळखीचा सर्जन रात्री दोनला फोन उचलतो आणि तासाभरात टेबलवर घेतो. ही सोय माझ्या इथल्या शेजाऱ्याला नाही.

मग तोच सर्जन आधी सोनोग्राफीचा कागद का मागतो? कारण चिरून पाहिलं आणि आत पीळ निघाला नाही, तर नातेवाईक काय म्हणतील हे त्याला माहीत आहे. 'फुकट फाडलं, पैसे उकळले.' काचा फुटायला वेळ लागत नाही. 1995च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आहेत, तिथं हातात रिपोर्ट असलेला बरा. इथं माझ्या सहकाऱ्यांनी उघडून पाहिलेल्यांतल्या कित्येकांच्या आत पीळ नसतो. पेशंटला तसं आधीच सांगून सही घेतलेली असते, आणि कुणी त्याला चूक म्हणत नाही. निवेदन द्यायचंच असेल तर या एका गोष्टीवर गावानं बोलावं असं मला वाटतं. आमदारांकडून मशीन मिळेल, पण आत पीळ निघाला नाही तरी ती डॉक्टरची चूक नव्हे, ही समजूत आपल्यातूनच यायला हवी.

मशीनचंही आपल्याकडं सोपं नाही. 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली जेमतेम आठशेच्या आसपास होत्या. अशा ठिकाणी प्रत्येक सोनोग्राफी यंत्रावर गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा डोळा आहे, आणि असायलाच हवा. इथं कॅज्युअल्टीतला ज्युनिअर डॉक्टर खिशातून सोनोग्राफीचा छोटा प्रोब काढून पेशंटवर लावतो. तसं केजला उद्या होईल या आशेवर राहू नये.

ग्रुपवर शेवटी एकानं लिहिलं, "एक गेलं तर गेलं, दुसरं हाय की. लेकरं व्हतेत." लेकरं होतात, खरं आहे. पण ज्या जन्मजात ढिलाईमुळं एका बाजूला पीळ बसतो ती पुष्कळदा दोन्हीकडं असते. म्हणून ऑपरेशनमध्ये उरलेलं वृषणही टाके घालून जागेवर बसवतात. त्या गड्याचं दुसरं बसवलंय का, हे डिस्चार्जच्या कार्डावर बघा असं मी लिहिलं. अजून कुणी कार्डाचा फोटो टाकलेला नाही.