केचिकनला उतरा म्हणे!

‘अलास्का क्रूझ आणि मुंबईचं विमान : एक पूर्ण दिवस वाचवा’ अशा मथळ्याचा निरोप अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. मुलांकडे आलेल्या आईवडिलांसाठी लिहिलेला, शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’. तो आमच्या काका-काकूंपर्यंत पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ९ च्या विमानाची चौकशी सुरू झाली. म्हणून हा खटाटोप.

निरोपातलं म्हणणं थोडक्यात असं. सिअ‍ॅटलहून निघालेलं जहाज अलास्काची फेरी करून पहाटे सिअ‍ॅटललाच परत लागतं, तेव्हा ९ चं विमान आरामात मिळतं. धाकधूक वाटत असेल तर दोन दिवस आधी अलास्कातल्या केचिकन बंदरात उतरा आणि तिथून विमानाने सिअ‍ॅटल गाठा. तिकीट आपलं आहे, कुठेही उतरू शकतो. दंडबिंड ‘जोन्स अ‍ॅक्ट’चा असतो, तो मालवाहतुकीसाठी. नाहीतर कॅनडातल्या व्हिक्टोरियाला उतरा, अमेरिकेचा व्हिसा पुरतो. न वापरलेल्या रात्रींचे पैसे परत मिळतात. बॅगा बंदरावरून फुकटात थेट मुंबईला जातात. आणि उशीर झाला तर जहाज थांबतं.

केचिकनचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यांनी फार तर विमान चुकेल. हा खिशाला भोक पाडतो.

अमेरिकेत १८८६ सालचा ‘पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा आहे आणि तो आजही लागू आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन त्याला अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवायचं नाही, हा त्याचा गाभा. अलास्काला जाणारी मोठी जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. सिअ‍ॅटल अमेरिकेत, केचिकनही अमेरिकेत. तुम्ही सिअ‍ॅटलला चढून केचिकनला कायमचे उतरलात की उल्लंघन झालं. हेतू काय होता, विमान किती वाजता होतं, हे कायदा विचारत नाही.

‘पण जूनो, स्कॅगवे, केचिकन सगळीकडे लोक उतरतातच की!’ उतरतात आणि परत चढतात. अमेरिकेच्या फेडरल नियमसंहितेत टायटल १९, कलम ४.८०ए आहे; ज्याला वाद घालायचाय त्याने एवढं एकच कलम वाचावं. फेरी संपवून जहाज सोडणं म्हणजे ‘उतरणं’, आणि तात्पुरतं किनाऱ्यावर जाऊन त्याच जहाजाने पुढे निघणं म्हणजे ‘उतरणं’ नव्हे, अशी सरळ व्याख्या तिथे दिली आहे. केचिकनला सामन मासे बघून परत आलात तर तुम्ही पर्यटक. परत आला नाहीत तर दंडाची नोंद.

त्याच कलमात परदेशी बंदरांचे ‘जवळचं’ आणि ‘दूरचं’ असे दोन प्रकार केले आहेत. सिअ‍ॅटलला निघून सिअ‍ॅटललाच परतायचं असेल तर वाटेत कुठलंही परदेशी बंदर चालतं. एका अमेरिकी बंदरात चढून दुसऱ्यात उतरायचं असेल तर मात्र ‘दूरचं’ बंदर लागतं. कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा, बहामा हे सगळं जवळचं धरलं जातं; दूरचं म्हणजे त्यापलीकडचं, उदाहरणार्थ दक्षिण अमेरिका किंवा अरुबा, बोनेर, कुरसाओ ही बेटं. म्हणजे जहाज आधी व्हिक्टोरियाला जाऊन मग केचिकनला आलं, तरी सुटका नाही. आणि अलास्काच्या वाटेवर कुरसाओ लागत नाही.

व्हिक्टोरियाला जहाज रात्री ८-९ ला लागतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास निघतं. एवढ्या आडवेळी तिथे का थांबतात असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. उत्तर हाच कायदा. कोविडच्या काळात कॅनडाने बंदरं बंद ठेवली, तेव्हा जहाजांना हा थांबा गाळता यावा म्हणून २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकी काँग्रेसला ‘अलास्का टुरिझम रिस्टोरेशन अ‍ॅक्ट’ हा वेगळा कायदा करावा लागला. हजारो प्रवाशांची जहाजं अडून राहिली, संसदेला मध्ये पडावं लागलं, आणि आमचा निरोपकर्ता म्हणतो, ‘तिकीट आपलं आहे’. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच वाटली का ही?

आता जोन्स अ‍ॅक्ट. इथे अर्धं श्रेय देणं भाग आहे. जोन्स अ‍ॅक्ट १९२० चा आणि तो खरोखरच मालवाहतुकीचा. क्रूझवरचे लोक, कधीकधी जहाजावरचे कर्मचारीसुद्धा, या दंडाला ‘जोन्स अ‍ॅक्ट’ म्हणतात आणि ते चूक आहे. पण नाव चुकलं म्हणून दंड नाहीसा होत नाही. प्रवाशांचा कायदा वेगळा, आणि तो त्याच्या ३४ वर्षं आधीचा आहे.

दंड किती? कायद्याच्या मजकुरात माणशी ३०० डॉलर आहे, पण महागाईनुसार तो वाढवला जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात ९ जणांचं एक कुटुंब केचिकनलाच जहाज चुकून मागे राहिलं. त्यांच्या नावावर माणशी ९७१ डॉलर लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. एकूण ८,७३९ डॉलर. ही माणसं मुद्दाम उतरलीही नव्हती. कायद्याने दंड जहाजावर बसतो, प्रवाशावर नाही, हे खरं. पण तो प्रवाशाकडून वसूल करण्याची तरतूद तिकिटाच्या करारात असते, आणि तुमच्या कार्डाचा नंबर पहिल्या दिवसापासून जहाजाकडे असतो. ‘व्हिसा रद्द होतो’ असं घाबरवणाऱ्यांचंही ऐकू नका, हा व्हिसाचा गुन्हा नाही. पण दोन माणसांचे दोन हजार डॉलरच्या आसपास जाणं काय कमी आहे?

या मुद्द्यातलं सर्वात अचाट वाक्य तर पुढे आहे : ‘मोठ्या बॅगा केबिनमध्ये ठेवा, फक्त हॅण्डबॅग घेऊन उतरा, कुणाला कळत नाही.’ गँगवेवर, म्हणजे जहाजातून चढण्या-उतरण्याच्या पुलावर, प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं. कोण बाहेर आहे हे पडद्यावर नावानिशी दिसतं. सगळे परत यायची वेळ उलटली की स्पीकरवर तुमचं नाव पुकारलं जातं, केबिनचं दार उघडलं जातं, तिजोरीत पासपोर्ट असेल तर तो काढून बंदरावरच्या एजंटकडे दिला जातो. बॅगा जातात सिअ‍ॅटलला, तुम्ही केचिकनला. वर केचिकनचा विमानतळ गावात नाही; समोरच्या ग्रॅव्हिना बेटावर आहे, फेरी बोटीने खाडी ओलांडून जावं लागतं. सत्तरीच्या जोडप्याला हा सल्ला देणाऱ्याने स्वतः नकाशा तरी उघडला होता का?

अर्धसत्य आहे ते इथे. व्हॅन्कूवरला चढलेला माणूस जूनोला किंवा केचिकनला उतरला तर हा कायदा आड येत नाही, कारण सुरुवातच परदेशी बंदरात झालेली असते. अमेरिकेच्या इमिग्रेशनची तपासणीही व्हॅन्कूवरलाच, जहाजावर चढण्याआधी उरकलेली असते. निरोप लिहिणाऱ्याने बहुधा अशाच कुणाची गोष्ट ऐकली आणि व्हॅन्कूवरच्या जागी सिअ‍ॅटल लिहून मोकळा झाला. पण व्हॅन्कूवरहून निघालात तरी परवानगी लागतेच. ती निघण्याआधी काही आठवडे, लेखी मागायची : बुकिंग नंबर, कोणत्या तारखेला, कोणत्या बंदरात, का. क्रूझ कंपनी कायदा आणि इमिग्रेशन दोन्ही तपासून उत्तर देते. ट्रॅव्हल एजंटचं ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणजे परवानगी नव्हे. कंपनीचा ईमेल हातात हवा. जहाजावर पोहोचल्यावर तो गेस्ट सर्व्हिसेसला दाखवायचा, आदल्या रात्री बिल चुकतं करायचं, आणि त्यांनी सांगितलेल्या वेळी बॅगांसह उतरायचं. अचानक आजारपण आलं तर गोष्ट वेगळी; जहाजावरचा डॉक्टरच उतरवायचं ठरवतो, आणि अशा प्रकरणात कागदपत्रं दाखवून दंडात सूट मागता येते.

व्हिक्टोरिया. १८८६ चा कायदा इथे अडवत नाही, कारण उतरणं परदेशात होतं. तेवढंच बरोबर. भारतीय पासपोर्टवर कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिसा लागतो, अमेरिकेचा बी-१/बी-२ दाखवून चालत नाही. शिवाय रात्री ९ ला उतरून कुठलं विमान पकडणार? रात्र हॉटेलात, सकाळी विमानाने किंवा बोटीने परत अमेरिकेत, पुन्हा इमिग्रेशन. तोवर जहाज सिअ‍ॅटलला लागून रिकामंही झालेलं असतं. वाचला तो दिवस कुठे?

आता काका-काकूंचं ९ चं विमान.

जहाज ‘लागतं’ आणि माणसं ‘उतरतात’ यात वेळ जातो. सात वाजता दोर बांधले असं धरा. गँगवे लावायचा, अधिकाऱ्यांनी माणसं उतरवायला परवानगी द्यायची, मग पहिली माणसं बाहेर पडतात : सव्वासात, साडेसात. हे पहिले म्हणजे स्वतःच्या सगळ्या बॅगा स्वतः ओढत नेणारे. लिफ्टसमोर तेव्हा दादर स्टेशनचा पूल असतो, आणि जिन्यावरून २३ किलोची बॅग उतरवणं काकांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. ज्यांनी आदल्या रात्री दहा-अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवल्या, त्यांना टॅगच्या रंगानुसार किंवा नंबरानुसार बोलावतात, आणि ते साडेनऊ-दहापर्यंत चालतं. (बॅगा बाहेर ठेवताना पासपोर्ट, औषधं आणि सकाळचे कपडे त्यात जाऊ देऊ नका. चपलासुद्धा. दर फेरीला कुणीतरी हॉटेलच्या सपाता घालून उतरतं.) पुढे पासपोर्टची रांग, अमेरिकी नागरिक नसलेल्यांना अधिकारी थांबवून दोन प्रश्न विचारू शकतो. तिथे वीस मिनिटं, टॅक्सीच्या रांगेत पंधरा.

सिअ‍ॅटलला धक्के दोन, पिअर ६६ आणि पिअर ९१. विमानतळ दोन्हीकडून २५ किलोमीटरच्या आसपास. रस्ता मोकळा असेल तर अर्धा-पाऊण तास. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी विमानतळाच्या दारात नऊच्या जवळपास. देशांतर्गत विमानाची बॅग घेणं साधारण ४५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे सव्वाआठला. आंतरराष्ट्रीय असेल तर तासभर आधी, काही कंपन्या त्याहूनही आधी. धुकं, एकाच सकाळी लागलेली तीन जहाजं, शेवटच्या रात्री कुणाला हेलिकॉप्टरने हलवावं लागणं, यातलं काहीच अजून धरलेलं नाही. देशांतर्गत विमान दुपारी १२ नंतरचं घ्या, मुंबईचं संध्याकाळचं किंवा दुसऱ्या दिवशीचं. सिअ‍ॅटल ते न्यूअर्क एका तिकिटावर आणि न्यूअर्क ते मुंबई वेगळ्या तिकिटावर, असं तर अजिबात काढू नका. पहिलं चुकलं की दुसरी विमान कंपनी तुमच्यासाठी काही देणं लागत नाही. दोन्ही एकाच पीएनआरवर हवेत.

फुकटात थेट मुंबईला जाणाऱ्या बॅगा : बॅगा बंदरावरूनच विमानाकडे पाठवण्याची सिअ‍ॅटल बंदराची ‘पोर्ट व्हॅले’ ही सोय खरी आहे, फुकट आहे आणि चांगलीही आहे. पण ती ठरावीक विमान कंपन्यांच्या, त्याच दिवशीच्या, देशांतर्गत विमानांसाठी आहे. बॅग थेट मुंबईला जात नाही.

पैसे परत : स्वतःहून लवकर उतरलात तर न वापरलेल्या रात्रींचे मिळत नाहीत. विम्यात ‘ट्रिप इंटरप्शन’ (सहल अर्धवट सोडावी लागणं) असेल तर आजारपण, जवळच्या नात्यातला मृत्यू अशा कारणांसाठी दावा करता येतो. विमानाची वेळ हे कारण त्यात बसत नाही.

आणि ‘जहाज थांबतं’. कंपनीच्या स्वतःच्या टूरची बस अडकली असेल तर सहसा थांबतात, कारण उशीर त्यांच्याच माणसांमुळे झालेला असतो. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर खासगी सहलीला गेलेले ८ प्रवासी उशिरा आले, तेव्हा जहाज समोर नांगरलेलं होतं. तरीही त्यांना वर घेतलं नाही.

काका-काकूंसाठी रात्री ८ चं विमान शोधून ठेवलंय. सकाळी सावकाश नाश्ता करून, शेवटच्या रंगाचा टॅग घेऊन उतरा म्हणावं. आणि तो निरोप पुढे पाठवू नका.