मगलआजोबा

माझं पेन गेलं. साधंच होतं, पण माझं होतं. आणि ते ज्या खिशात गेलं तो खिसा मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि बाकीच्यांनी तो हुडकून आतल्या वहीत नाव लिहायचं. बक्षीस वगैरे काही नाही. भाच्याने ॲप उघडलं आणि आम्ही गाडी घालून अशा रानात शिरलो, जिथलं एकही झाड कोणी लावलेलं नव्हतं. बाण नाकासमोर चारशे मीटर सांगत होता, रस्त्याला ते मान्य नव्हतं. चाकोरीतला मधला उंचवटा गाडीचं पोट खरवडत होता आणि प्रत्येक खरखरीला भाचा म्हणे, "गवत आहे मामा." या जागेला भूभागाची श्रेणी पाचपैकी दोन दिली होती. दोन! देणारा बहुतेक हेलिकॉप्टरने आला असावा.

दाट पानोऱ्याखाली सिग्नल अडतो, खोडांवर आपटतो. बाण आधी डावीकडे वळला, मग उजवीकडे, मग माझ्याकडे. शेवटी मी एका शेवाळलेल्या बुंध्याच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय हरवलं?"

बगलेत छत्री मारलेले एक आजोबा. अशा निर्मनुष्य रानात ते कुठून उगवले, देव जाणे. खेळाबाहेरच्या माणसाला आमच्यात मगल म्हणतात आणि मगलांना पत्ता लागू द्यायचा नसतो.

"काही नाही."

"काही नाही ते एवढं आत गेलं?"

"झाडं बघतोय."

"हाताने?"

भाच्याला राहवलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात वगैरे.

"आणि एवढ्या वरून त्यांना डबा दिसतो?"

"डबा नाही आजोबा, आपण कुठे आहोत ते कळतं."

"ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी विषय खेळाच्या इतिहासाकडे नेला. अमेरिका जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, ते तिने मे २००० मध्ये थांबवलं. लगेच ३ मे रोजी ओरेगनमध्ये एकाने बादली लपवली, त्यात इतर वस्तूंबरोबर बीन्सचा डबाही होता.

"मग बीन्स कोणी खाल्ले?"

मला माहीत नव्हतं. खरं तर कोणालाच असा प्रश्न पडत नाही.

त्यांनी छत्रीचं टोक समोरच्या ओंडक्याकडे केलं. "त्या काटक्या बघा. रानात काटक्या अशा शेजारी शेजारी, एका मापाच्या पडतात होय?"

डबा तिथेच होता. आत एक झिजलेलं खोडरबर, प्लॅस्टिकचा डायनासोर आणि ओलीकच्च वही. डबा लपवणाऱ्यानेच त्याची देखभाल करायची असते. पण लपवण्याची हौस असते तेवढी वही बदलण्याची नसते. बुरशीच्या पानांवर आम्ही किती दिवस सह्या करायच्या?

कोरडी म्हणावी अशी एकच जागा उरली होती. मी पेन काढलं. आजोबांनी ते हातातून घेतलं, पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली आणि खाली शेरा मारला, 'पाहणी केली. सर्व ठीक.' जागा संपली. मग डायनासोर उचलून म्हणाले, "नातवाला होईल."

"आजोबा, काही घेतलं तर तितक्याच किमतीचं ठेवावं लागतं."

"मग ठेवा की. खेळ तुमचा आहे."

मी माझी किचेन ठेवली. तेवढ्यात पेन त्यांच्या खिशाला लागलं. मागावं तर कोत्या मनाचे दिसू. मी समासात अर्धं नाव उमटवलं, तेही भाच्याच्या आयलायनरसारख्या कसल्याशा पेन्सिलीने. ती त्याच्याकडे का होती, हे मी विचारलं नाही.

गाडी वळवायला जागा नव्हती. आजोबा आपणहून मागे जाऊन उभे राहिले आणि छत्री हलवू लागले. "येऊ द्या, येऊ द्या. भरपूर जागा आहे. येऊ द्या."

धाडकन आवाज आला.

"बास," ते म्हणाले.